जुन्या संगणकीय खेळांतील मजकूर बाहेर काढतात कसा?

भोर तालुक्यातील कारी येथील जेधे देशमुखांच्या संग्रहातली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्धीस आणली आणि शिवकालाच्या तारखा ठरविण्यास भक्कम आधार मिळाला. भोरपासून वेल्ह्यापर्यंत (या तालुक्याचे नामांतर आता राजगड झाले आहे) मावळातील वाड्यांमधून मिळालेले जुने कागद बहुतांशी मोडीत आहेत. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. कागद हाती आला तरी मोडी वाचणारा भेटेपर्यंत तो मुकाच राहतो.

अशीच अडचण एका अगदी निराळ्या क्षेत्रात येते, ते क्षेत्र म्हणजे जुने ‘रोल-प्लेइंग’ खेळ. यात खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेतो, गावोगाव हिंडतो आणि लोकांशी बोलत कथा पुढे नेतो. १९९९ मधील ‘प्लेनस्केप: टॉरमेंट’सारख्या खेळातील संवाद जाडजूड कादंबरीला मागे टाकतील इतके आहेत. भाषांतर करणारे, मार्गदर्शिका लिहिणारे आणि निव्वळ हौशी वाचक यांना हा मजकूर हवा असतो; पण तो खेळाच्या पोटात कोंडलेला असतो.

जपानमध्ये १९८६ मध्ये आलेला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ अवघ्या ६४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसविला होता. जागा वाचविण्यासाठी कर्त्यांनी जपानी काताकाना लिपीतील मोजकीच अक्षरे ठेवली. अशा खेळात प्रत्येक अक्षर हे एक लहानसे चित्र असते आणि त्या चित्राला कर्त्यांनी आपल्या सोयीने क्रमांक दिलेला असतो. त्यामुळे फाइल साध्या संपादकात उघडली, की दिसतो तो केवळ गोंधळ.

यावरची युक्ती मोठी सुंदर आहे. क्रमांक ठाऊक नसले तरी अक्षरांमधील अंतर ठाऊक असते. इंग्रजी ‘कॅट’ या शब्दात ‘सी’ नंतरचा ‘ए’ दोन घरे मागे आणि त्यानंतरचा ‘टी’ एकोणीस घरे पुढे. फाइलमध्ये याच अंतराचे आकडे, समजा १३०, १२८, १४७, शेजारी-शेजारी सापडले, तर ‘ए’ म्हणजे १२८ असा तर्क करता येतो. तीन अक्षरांचा शब्द फसवू शकतो, म्हणून पडद्यावर दिसलेला एखादा लांब शब्द घेतात. मग उरलेली अक्षरे लावून तक्ता तयार होतो. पुढचे काम अधिक चिकाटीचे. प्रत्येक वाक्य कोठे सुरू होते, त्याचे पत्ते फाइलमध्ये अन्यत्र असतात, आणि वारंवार येणाऱ्या अक्षरजोड्या एकाच क्रमांकात दाबून भरलेल्या असतात. १९९२ च्या ‘फायनल फँटसी ५’चे इंग्रजी भाषांतर हौशी मंडळींनी १९९८ मध्ये याच वाटेने केले, अधिकृत इंग्रजी आवृत्ती १९९९ मध्ये आली.

संगणकावरील खेळ तुलनेने सोपे. ‘फॉलआउट’ (१९९७) मधील संवाद एका मोठ्या गठ्ठा-फाइलमध्ये असले, तरी गठ्ठा सोडला की क्रमांकासह साध्या मजकुरात मिळतात. ‘बाल्डर्स गेट’ (१९९८) मध्ये मजकुराची एकच मोठी फाइल असून ‘निअर इन्फिनिटी’ हे मोफत साधन ती थेट वाचते.

काही मजकूर मात्र डिस्कवर नसतोच. ‘वेस्टलँड’ आणि ‘पूल ऑफ रेडियन्स’ या १९८८ मधील खेळांत डिस्कवर जागा अपुरी होती. म्हणून खेळ सांगे, सोबतच्या पुस्तिकेतील अमुक क्रमांकाचा परिच्छेद वाचा. ‘वेस्टलँड’च्या कर्त्यांनी तर घाई करून पुढचे वाचणाऱ्यांना चकविण्यासाठी खोटे परिच्छेदही घातले होते! आपल्याकडे असे खेळ पुष्कळदा नकललेल्या डिस्कवर हातोहात फिरले. पुस्तिकेशिवाय त्यांतील निम्मी कथा हरवतेच. म्हणून कोणाच्या माळ्यावर मूळ खोके असेल, तर आधी पुस्तिका स्कॅन करावी आणि मग डिस्ककडे वळावे. स्वामित्वहक्क अबाधित असतो, हेही ध्यानात ठेवावे. भाषांतरकार संपूर्ण खेळ न वाटता केवळ बदललेल्या भागाची छोटी फाइल देतात, ते याच कारणाने.

असा खेळ मराठीत आणायचा तर? रोमन अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांत मावते. देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार आणि शिवाय जोडाक्षरे. जुना खेळ क्रमांकामागून क्रमांक घेऊन डावीकडून चित्रे मांडत जातो. त्यामुळे ‘कि’ लिहिताना उच्चारात नंतर येणारी वेलांटी ‘क’च्या आधी साठवावी लागेल. हा प्रकार मराठी वाचकाला अपरिचित नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी श्री-लिपीसारख्या फॉण्टमध्ये टंकलेला मजकूर तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांचा गोंधळ म्हणूनच उघडतो. तो परत मिळविण्यासाठी अक्षर-क्रमांकांचा तसाच तक्ता लागतो, आणि ऱ्हस्व वेलांटी उचलून व्यंजनाच्या मागे नेऊन ठेवावी लागते.