लग्नाचा करार आणि वंशाची चौकशी

ज्यू धर्माने विवाह पवित्र मानला. पण केवळ पावित्र्यावर विसंबून स्त्रीला त्याने वाऱ्यावर सोडले नाही. लग्नात नवरा साक्षीदारांच्या सह्यांचे लेखी पत्र वधूला देतो. त्याला केतुबा म्हणतात. नवऱ्याने बायकोला अन्न, वस्त्र व शरीरसुख द्यावे, घटस्फोट झाल्यास वा तो मेल्यास तिला ठरलेली रक्कम मिळावी, हे त्यात बांधलेले असते. कुमारिकेसाठी २०० झूझ व विधवेसाठी १०० झूझ ही तल्मूदकालीन किमान रक्कम. केतुबाशिवाय बायकोबरोबर राहण्यासही मनाई आहे. म्हणजे विधवेचे लग्न धर्माने केवळ सोसले नाही, त्याचा करारही लिहिला.

बायकोवर स्वतःइतके प्रेम करावे आणि तिचा मान स्वतःहून अधिक राखावा, अशी तल्मूदची शिकवण आहे. आईबापांचा मान राखणे ही तर दहा आज्ञांपैकी एक. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी घरची स्त्री शब्बाथचे दिवे लावते आणि आठवड्याचे कष्ट थांबतात. देवळाइतकेच घरही येथे उपासनेचे स्थान आहे.

ही बाजू मान्य करून दुसरी पाहिली पाहिजे. घटस्फोटपत्र, म्हणजे गेट, नवऱ्यानेच द्यावे लागते. त्याने ते नाकारले तर बायको अगुना, म्हणजे जखडलेली, ठरते. तिला दुसरे लग्न करता येत नाही. इसवी सन १००० च्या सुमारास जर्मनीतील रब्बी गेर्शोम यांच्या नावे निघालेल्या फतव्याने अश्केनाझी ज्यूंत बहुपत्नीत्व व बायकोच्या संमतीविना घटस्फोट यांवर बंदी आली. पण गेटची किल्ली पुरुषाच्याच हाती राहिली. शिवाय अशी स्त्री गेटविना दुसऱ्या ज्यू पुरुषाकडून आई झाली, तर ते मूल मामझेर ठरते. बाहेरून धर्मात आलेली व्यक्ती किंवा दुसरा मामझेर यांच्याखेरीज कोणाशीही त्याला लग्न करता येत नाही. आईबापांच्या वर्तनाची शिक्षा मुलाच्या जन्मावर कोरली जाते. ही भाषा आपल्या ओळखीची आहे.

या नियमाचा चटका मराठी बोलणाऱ्या ज्यूंना बसला. कोकणातले बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत; म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. भोवतालच्या जातिव्यवस्थेचे वळण त्यांनीही उचलले. विधवाविवाह निषिद्ध मानला. बाहेरच्या स्त्रीपासून झालेल्या संततीला ‘काळे’ ठरवून ‘गोऱ्यां’नी तिच्याशी बेटीव्यवहार टाळला. हेच लोक इस्राएलमध्ये गेले तेव्हा त्यांच्याकडेच संशयाने पाहिले गेले. यांना पूर्वी गेटचे नियम ठाऊक नव्हते, तेव्हा यांच्यात मामझेर असू शकतील, असा तर्क काढून १९६२ साली मुख्य रब्बींच्या मंडळाने आदेश दिला: बेने इस्राएल व्यक्तीचे इतर ज्यूशी लग्न लावण्यापूर्वी तिच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. ज्यूंची लग्ने लावण्याचा अधिकार तेथे १९५३ च्या कायद्याने धर्मपीठाकडेच असल्यामुळे दाद मागायला दुसरा दरवाजा नव्हता. लोक रस्त्यावर उतरले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू असल्याचे जाहीर केले आणि रब्बींना आदेश बदलावा लागला.

सजातीय विवाहबंधन हा जातीचा गाभा आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्येच आपल्या निबंधात दाखवले. ज्यू परंपरा ही जातिव्यवस्था नव्हे. दोघांना एका मापात घालणे चुकीचे होईल. पण एक गोष्ट दोन्हीकडे दिसते. नवराबायकोच्या नात्यात प्रेम व करार शिकवणारा धर्मही ‘हे लग्न कोणाशी?’ या प्रश्नापाशी वंश तपासू लागतो. म्हणून विवाहसुधारणेचा विचार करताना बायकोचे हक्क एवढ्यावर थांबू नये. लग्न लावण्याचा व मोडण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हेही विचारले पाहिजे. बेने इस्राएल यांनी तो प्रश्न ठिय्या देऊन विचारला, आणि उत्तर मिळेपर्यंत ते उठले नाहीत.