अपक्ष बहीण, मंडळी आणि आपली जीप




नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या डोंगरात आपली सेवा चालते, हे आपण जाणताच. मागच्या पंचायत समितीच्या निवडणुकीत तेथील आपल्या मंडळीतील एक बहीण अपक्ष म्हणून उभी राहिली. तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी फोन करून विचारले, "मिशन तिला मदत का करत नाही?" काहींचा सूर नाराजीचा होता. या प्रश्नाचे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे, म्हणून हा लेख.

ही ताई बचत गटाची अध्यक्ष. तिच्या पाड्यावरचा हातपंप दोन उन्हाळे बंद होता. अर्ज लिहून ती थकली. शेवटी म्हणाली, "दादा, दारात उभे राहून काही होत नाही. आत जाऊन बसले पाहिजे."

ही निवडणूक कशाची?

ग्रामपंचायतीच्या वर तालुक्याला पंचायत समिती आणि जिल्ह्याला जिल्हा परिषद, ही रचना महाराष्ट्रात 1 मे 1962 पासून आहे. प्राथमिक शाळा, अंगणवाडी, आरोग्य केंद्र, पिण्याचे पाणी, गावरस्ते ही कामे याच घराची. जिल्हा परिषदेच्या मतदारसंघाला 'गट' म्हणतात. एका गटाचे दोन 'गण' होतात आणि प्रत्येक गणातून पंचायत समितीचा एक सदस्य निवडला जातो. म्हणून मतदाराला दोन मते द्यावी लागतात, एक गटासाठी आणि एक गणासाठी.

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेची होते. ज्याच्या अर्जाला पक्षाचा 'एबी फॉर्म' जोडलेला नाही, तो अपक्ष. आमच्या भागातील जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव असते, त्यामुळे सगळेच उमेदवार आदिवासी असतात. पण त्यांपैकी पक्षाचे तिकीट कोणाला, हे पाड्यावर ठरत नाही. ताईने तिकीट मागितले होते. "पुढच्या वेळी बघू," असे उत्तर मिळाले.

कागदांचा डोंगर

उमेदवाराचे वय 21 पूर्ण हवे आणि मतदार यादीत नाव हवे. घरी वापरातले शौचालय असल्याचा दाखला लागतो. कायद्याने ठरवलेल्या तारखेनंतर कुटुंब दोन मुलांपलीकडे वाढलेले नसावे. निवडणूक खर्चासाठी बँकेत वेगळे खाते लागते. मालमत्तेचे आणि गुन्ह्यांबाबतचे शपथपत्र द्यावे लागते.

राखीव जागेसाठी जातीचा दाखला तर हवाच, शिवाय पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही हवे. ते हाती नसेल तर अर्ज केल्याची पोच आणि हमीपत्र जोडण्याची सवलत शासनाने वेळोवेळी दिली आहे. पण निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र दिले नाही, तर पद जाते.

येथे आपल्या लोकांना एक भीती असते. ताईनेही विचारले, "आम्ही प्रार्थनेला जातो म्हणून दाखला रद्द होईल का?" हे सर्वांनी नीट समजून घ्यावे. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात धर्माची अट आहे, अनुसूचित जमातींच्या आदेशात ती नाही. केवळ ख्रिस्ती झाल्याने आदिवासीचे आदिवासीपण संपत नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये म्हटले आहे की, ती व्यक्ती आजही त्या जमातीची आहे का, हे पुराव्याने पाहावे लागते. म्हणून वाडवडिलांचे शाळेचे दाखले, जमिनीचे जुने उतारे जपून ठेवावेत आणि भाऊबंदकी, बोली, गावचे रीतिरिवाज यांच्याशी नाते तोडू नये. आपल्या मंडळीतील काही जण उत्साहाच्या भरात गावच्या पंचात बसणेही सोडतात. त्यांनी यावर विचार करावा.

शिलाई यंत्राचा घोळ

पक्षाच्या उमेदवाराचे चिन्ह लोकांना वर्षानुवर्षे माहीत असते. अपक्षाला अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीतून चिन्ह मिळते. त्यानंतर प्रचाराला थोडेच दिवस उरतात. जेथे अनेक वडीलधाऱ्यांना वाचता येत नाही आणि एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला अर्धा दिवस लागतो, तेथे हीच अपक्षाची मोठी अडचण.

ताईला मिळाले शिलाई यंत्र. आपल्या आवारात मुलींचा शिवणवर्ग चालतो! दुसऱ्याच दिवशी बाजारात बोलणे सुरू झाले की चिन्ह मिशननेच दिले. चिन्हाचे वाटप निवडणूक निर्णय अधिकारी करतात, हे मी सांगत फिरलो, पण किती जणांना पटले कोण जाणे. शेवटी मतदान होईपर्यंत आम्ही शिवणवर्ग बंद ठेवला. मुली हिरमुसल्या. मलाही ते आवडले नाही.

जीप

सर्वांत कठीण प्रसंग नंतर आला. मतदान थंडीत होते. आमच्या भागातील बरीच माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जातात. ताईचे बरेचसे मतदार तिकडेच होते. बाकीचे उमेदवार गाड्या पाठवणार, असे सगळे बोलत होते. एका संध्याकाळी ताई, तिचे पती आणि मंडळीचे दोन वडील माझ्याकडे आले. "दादा, दोन दिवस जीप द्या. डिझेल आम्ही टाकू."

मी नाही म्हणालो.

मतदारांना उमेदवाराने फुकट वाहनाने नेणे-आणणे हा निवडणूक कायद्यात गैरप्रकार आहे. इतर करतात म्हणून तो योग्य ठरत नाही. दुसरे म्हणजे, ही जीप आपण रुग्णांसाठी आणि शाळेसाठी दिलेल्या दानातून घेतली आहे. ते दान ज्या कामासाठी दिले, त्याच कामाला लागले पाहिजे. तिसरे, उमेदवाराने परदेशी देणगी घेण्यास 2010 च्या कायद्याने बंदी आहे. संस्थेचे वाहन प्रचारात दिसले, तर कोणते दान कोठून आले याचा हिशोब आपणालाच विचारला जाईल. आणि प्रार्थनास्थळाचा प्रचारासाठी वापर करू नये, असे आचारसंहिता स्पष्ट सांगते. म्हणून आमच्या पाळकांनी उपासनेत तिचे नावही घेतले नाही. सर्वच उमेदवारांसाठी आणि मतदारांसाठी प्रार्थना केली.

चौथे कारण माझ्या मनातले. आपल्या दवाखान्यात सर्व पक्षांची माणसे येतात. समोरच्या उमेदवाराच्या घरातले बाळंतपणही आपल्याकडेच झाले आहे. त्या घराला आपले दार परके वाटू लागले, तर आपण काय कमावले?

मंडळीचे वडील रागाने उठून गेले. ताई काही बोलली नाही. त्या रात्री मला झोप आली नाही.

मग आपण काय करावे?

शास्ते पुस्तकाच्या नवव्या अध्यायात योथामाने सांगितलेली झाडांची गोष्ट आहे. जैतून, अंजीर, द्राक्षवेल सगळे राजेपद नाकारतात आणि शेवटी काटेरी झुडूप पुढे येते. भल्या माणसांनी राजकारणापासून दूर राहावे, असे या गोष्टीवरून मला तरी वाटत नाही. संस्थेने तटस्थ राहावे, माणसाने नव्हे. आपण नागरिक म्हणून आपले मत द्यावे, स्वतःच्या खिशातून आणि कायद्याच्या मर्यादेत मदत करावी. संस्था म्हणून आम्ही मतदार नोंदणी, दाखल्यांची माहिती आणि अर्ज कसा भरावा हे शिकवू शकतो. पण ते जो येईल त्या प्रत्येकाला, कोणत्याही पक्षाच्या माणसाला.

ताई हरली. निकालानंतर काही दिवसांनी ती पिशवीभर पावत्या घेऊन आली. निवडणूक लढवलेल्या प्रत्येकाने, हरलेल्यानेही, निकालापासून 30 दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो. न दिल्यास पुढे निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवले जाऊ शकते. हरलेले अनेक जण हे विसरतात. आमच्या कार्यालयात बसून आम्ही पावत्या तारखेप्रमाणे लावल्या. फलकांचे पैसे, चहाचे पैसे, भाड्याच्या मोटारसायकलचे पैसे. हिशोब मुदतीत गेला, पोच मिळाली.

जाताना ती म्हणाली, "दादा, जीप दिली नाही ते बरे केले की वाईट, मला अजून कळत नाही. पण पुढच्या वेळी मी वैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवणार." तिने त्यासाठी कागद जमवायला सुरुवात केली आहे.

प्रार्थना विषय
1. ताईसाठी आणि तिच्या पाड्याच्या पाण्यासाठी.
2. कामासाठी बाहेर जाणाऱ्या कुटुंबांचा मतदानाचा हक्क बुडू नये म्हणून.
3. निवडून आलेल्या सदस्यांनी सर्व पाड्यांना सारखे लेखावे म्हणून.
4. नाराज होऊन गेलेल्या त्या दोन वडिलांशी आमचा पुन्हा समेट व्हावा म्हणून.

आपला, प्रभूच्या सेवेत.