वसईचा किल्ला आणि सकाळचं ऊन
गुजरातच्या बहादूरशाहाने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली. मे १७३९ मध्ये मराठा सेनानी चिमाजी अप्पांच्या फौजेने ती जिंकली. आज तटाच्या आत छप्पर नसलेली चर्च, झाडांच्या मुळांनी कवटाळलेल्या भिंती आणि रिकाम्या कमानी उरल्या आहेत. त्यातलं फ्रान्सिस्कन चर्च चुकवू नये असं. त्याच्या जमिनीतच पोर्तुगीज थडग्यांचे दगड बसवलेले आहेत. दुपारी त्यांवरची झिजलेली अक्षरं सपाट दिसतात. सकाळच्या तिरप्या उन्हात मात्र खाचांमध्ये सावली भरते आणि कोरीवकाम उठून येतं. त्याचा फोटो काढायला साधा मोबाइलही पुरतो, फक्त तो जमिनीलगत धरावा लागतो. पावसाळ्यात भिंती हिरव्यागार होतात, पण पायऱ्या शेवाळतात. वसई रोड स्थानकाबाहेरून रिक्षा मिळते.