सोडून गेलेल्या माणसाचं काम

नोकरी सोडून गेलेला एक माणूस पुढे कित्येक आठवडे त्याच कंपनीत रोज काम करत होता, असं मला एका लग्नाच्या पंगतीत कळलं. सांगणारा मुलगा सॉफ्टवेअरवाला. "माणूस नव्हता काका, त्याचं नाव काम करत होतं," एवढं बोलून तो जिलेबीकडे वळला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण हिशेबातल्या भुतांवर आहे. हे नाव कुणी लिहिलं, कुठे लिहिलं आणि खोडायचं कुणी, हे बघावंसं वाटलं. मुलाने ओळख काढून दिली. पुण्यात बाणेरच्या बाजूला, एका काचेच्या इमारतीत, नव्या मुलांची तुकडी रुजू होण्याच्या दिवशी मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसलो.

नव्यांचे लॅपटॉप लावून देणाऱ्या बाई मूळच्या परभणीकडच्या. वय पस्तिशीच्या आसपास. हे काम त्यांच्या नेमणूकपत्रात कुठेही नाही. त्या खरं तर टेस्टिंगमध्ये आहेत. "आधी करायचा तो गेला, मग माझ्याकडे आलं, आणि राहिलंच," त्या म्हणाल्या. इथे सगळ्यांनी सगळ्यांना नावाने हाक मारायची पद्धत आहे, पण पहिल्या दिवशी कुणाची जीभ वळत नाही. मुलं त्यांना मॅडम म्हणत होती. मला त्या काका म्हणू लागल्या, ते बरं वाटलं.

बघायला तसं काही नाही. एक काळी खिडकी, तिच्यात लुकलुकणारी एक उभी रेघ. बाई माउसला हात लावत नाहीत. 'गिट कॉन्फिग' असं टाइप करतात, पुढे काहीतरी जोडतात, एंटर दाबतात. बहुतेक वेळा उत्तरादाखल काहीही येत नाही. आज्ञा मानली गेली तर गिट गप्प राहतं. हे गप्प राहणं नव्या मुलांना घाबरवतं. झालं का, झालं का, असं विचारत ती तेच पुन्हा टाइप करतात.

गिट म्हणजे प्रोग्राममधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं अवजार. लिनक्सच्या कर्नलचं काम आधी बिटकीपर नावाच्या एका खासगी अवजारावर चालायचं. ते फुकट वापरायची मुभा २००५मध्ये काढून घेतली गेली, तेव्हा लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्वतःचं अवजार लिहायला घेतलं. आज बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्यांत काम तिथूनच सुरू होतं. बदल लिहायचा, 'कमिट' करायचा, आणि त्या कमिटवर तुमचं नाव आणि ईमेल कोरलं जातं. हे नाव कुठून येतं? तर या काळ्या खिडकीत कुणीतरी आधी कधीतरी टाइप करून ठेवलेलं असतं तिथून.

बाई मात्र आल्या आल्या काही लिहीत नाहीत. आधी विचारतात. 'गिट कॉन्फिग --लिस्ट --शो-ओरिजिन'. खिडकीत ओळी उतरतात. प्रत्येक ओळीत आधी ती कोणत्या फाइलमधून आली ते, मग मूळ सेटिंग. हा शोध त्यांनी फार उशिरा लावला, पण आता त्याच्याशिवाय त्या पुढे सरकत नाहीत. कारण सेटिंगं एका जागी नसतात. एक फाइल अख्ख्या यंत्राची, ती सिस्टिम. एक त्या यंत्रावरच्या एका खात्याची, तिला ग्लोबल म्हणतात, जरी ती जगाची नसून एकट्याचीच असते. आणि एक प्रत्येक प्रकल्पाच्या आत, ती लोकल. गिट याच क्रमाने वाचत जातं आणि शेवटी जे वाचलं ते खरं मानतं.

"गावकीचा एक नियम, भावकीचा एक, घरातला एक," बाई समोरच्या मुलीला सांगत होत्या. "जुळलं नाही तर गिटमध्ये घरातलं चालतं. आमच्याकडे उलटं आहे."

मुलगी हसली. ती नंदुरबारची होती, तिला वेगळं सांगायची गरज नव्हती.

मग नाव. 'गिट कॉन्फिग --ग्लोबल यूजर.नेम', पुढे अवतरणचिन्हांत नाव. बाई स्वतः टाइप करत नाहीत. ज्याचं नाव त्याने टाइप करायचं. एका मुलाने वडिलांचं नाव आणि आडनाव धरून आधार कार्डावरचं पुरतं नाव लिहिलं. दुसऱ्याने नुसतं टोपणनाव. बाईंनी टोपणनाव बदलायला लावलं आणि पुरतं नाव तसंच राहू दिलं. एकाने देवनागरीत लिहिलं तर चालेल का असं विचारलं. "गिटला चालतं. खाली बसणाऱ्या सरांना चालत नाही."

ईमेल त्याच चालीने. इथे मात्र त्या मुलांच्या मागे उभ्या राहतात आणि अक्षर अक्षर वाचतात. कारण कोड ठेवण्याच्या संकेतस्थळांवर कमिट कुणाचं हे नावावरून नाही, ईमेलवरून ठरतं. एक टिंब राहिलं तर काम होतं, पण ते कुणाच्याच खात्यात जमा होत नाही.

नाव दिलंच नाही तर? गिट आधी खात्याच्या आणि यंत्राच्या नावावरून अंदाज बांधायला बघतं. ते जमलं नाही तर अडून बसतं आणि तुम्ही कोण ते सांगा म्हणतं. वर कसं सांगायचं याचा नमुनाही दाखवतं: यूजर.नेम, पुढे 'युअर नेम'. घाईतली मुलं तो नमुना उचलून जसाच्या तसा चिकटवतात, आणि मग 'युअर नेम' नावाचा गृहस्थ कामाला लागतो. बाईंनी तो दोनदा पाहिलाय.

"आणि खोटं नाव दिलं तर?" मी विचारलं.

त्यांनी उत्तर दिलं नाही. एक रिकामा फोल्डर केला, त्यात गिट सुरू केलं, आणि फक्त त्या फोल्डरपुरतं यूजर.नेम ठेवलं: लिनस टॉरवाल्ड्स. एक रिकामी फाइल, एक कमिट. मग 'गिट लॉग'. ऑथर: लिनस टॉरवाल्ड्स. ज्याने हे अवजार बनवलं त्याचंच नाव लावून परभणीच्या बाईंनी कमिट केलं, आणि अवजाराने हूं की चूं केलं नाही. सही करायची सोय आहे. कमिटवर किल्लीने सही करता येते, २०२१पासून तर रोजच्या वापरातली एसएसएच किल्लीही चालते. पण ती सोय सुरू करावी लागते, आणि या कंपनीत कुणी केलेली नाही. बाईंनी फोल्डर पुसला.

त्या लॉगमध्ये नावाच्या वर एक लांबलचक खूण होती, ० ते ९ आणि ए ते एफ यांची सरमिसळ. "४० अक्षरं असतात," बाई म्हणाल्या. "हे ४० लक्षात ठेवा, नंतर लागेल."

बाकीची सेटिंगं भराभर उरकली. एडिटर ठरवून दिला, कारण नाहीतर बहुतेक ठिकाणी व्हीआय उघडतो आणि त्यातून बाहेर कसं पडायचं हे विचारत मुलं दिवस काढतात. मुख्य शाखेचं नाव ठरवून दिलं. ओळीच्या शेवटी विंडोज दोन अदृश्य चिन्हं ठेवतं आणि लिनक्स एक, त्याचं कोर.ऑटोसीआरएलएफ. एका मुलाने इंटरनेटवर वाचून हेल्प.ऑटोकरेक्टला १ ही किंमत दिलेली होती: चुकीची आज्ञा टाइप झाली तर गिट स्वतः दुरुस्त करून चालवणार. त्याला वाटलं एक सेकंद थांबेल. एकक सेकंदाच्या दहाव्या भागाचं आहे. नको म्हणायलाही वेळ नाही. बाईंनी ती ओळ 'अनसेट' केली. त्याच मुलाने 'गिट कॉन्फिग सेट' अशी नवी रीत वापरली होती, ती २०२४मध्ये आली. बाई जुन्याच रीतीने लिहितात. दोन्ही चालतं, आणि दोघांनीही एकमेकांकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

मी मात्र एका सेटिंगपाशी अडकलो. या कंपनीकडे मराठी अर्जांचं एक काम आहे आणि फाइलींची नावं देवनागरीत आहेत. नंदुरबारच्या मुलीने 'गिट स्टेटस' केलं तर 'मराठी' नावाच्या फाइलच्या जागी उलट्या तिरक्या रेघा आणि आकडे उमटले: ३४०, २४४, २५६, पुन्हा ३४०, २४४, २६०, आणि असं पुढे. म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. युनिकोडच्या लेखी पाच चिन्हं, प्रत्येकाला तीन बाइट, म्हणून आकड्यांचे पंधरा गट. फाइल बिघडलेली नसते, आत नाव धडच असतं. पण गिटला मुळातच रोमन लिपीपलीकडचा प्रत्येक बाइट असा अष्टमान आकड्यांत दाखवायची सवय लावलेली आहे. कोर.कोटपाथची किंमत 'फॉल्स' केली की झालं. बाईंनी ती ओळ तिला टाइप करायला लावली, पुन्हा 'गिट स्टेटस', आणि खिडकीत 'मराठी' आलं. मुलीने मान डोलावली आणि पुढच्या कामाला लागली. मला मात्र राग आला. एका ओळीचं काम आहे, पण ती ओळ माहीत असणारं कुणीतरी शेजारी लागतं. ज्याच्या शेजारी असं कुणी नाही, तो फाइलींची नावं रोमनमध्ये बदलून मोकळा होतो, आणि मराठी संगणकावर चालत नाही असं पुढच्याला सांगतो.

दुपारी मॅनेजर येऊन गेले. माझ्याशी अदबीने बोलले, आणि जाता जाता म्हणाले की हे सगळं खरं तर एका स्क्रिप्टमध्ये बसवता येईल. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांच्याकडे स्क्रिप्ट आहे. एडिटर, शाखा, कोटपाथ सगळं त्यात आहे, नाव नाही. नाव त्या मुद्दाम हाताने घालायला लावतात. मग त्यांनी मला त्या सोडून गेलेल्या माणसाची गोष्ट पुरी सांगितली.

त्याच्या लॅपटॉपवर दोन खाती होती. दोन्हीकडे आपलं नाव यावं म्हणून त्याने 'ग्लोबल'ऐवजी 'सिस्टिम' लिहिलं. नाव यंत्राच्या फाइलमध्ये जाऊन बसलं. तो गेला; त्याची खाती पुसली. लॅपटॉप फार व्यवस्थित लावलेला होता म्हणून त्याचीच इमेज काढून पाच नव्या मुलांना दिली. प्रकल्पाबरोबर सेटिंगं पाठवता येत नाहीत. प्रकल्प उतरवून घेताना लोकल फाइल मुद्दाम येत नाही, कारण सेटिंगमध्ये चालवायची आज्ञाही लिहिता येते आणि परक्याची आज्ञा आपल्या यंत्रावर नको. हे पथ्य गिट पाळतं. अख्खं यंत्रच उतरवून घेतल्यावर ते काय करणार? पाच मुलांनी कमिट केलं. गिट अडून बसलं नाही, कारण ते तेव्हाच विचारतं जेव्हा कुणीच काही सांगितलेलं नसतं. इथे नाव होतं. ते रोज सगळ्यांच्या पडद्यावर दिसत होतं. त्याचं जुनं काम आत्ता जोडलं जात असेल, असं जो तो समजला.

कळलं तेव्हा दुरुस्ती दोन ओळींची होती: 'सिस्टिम'मधून नाव काढा, ईमेल काढा. पुढचं काम ठीक झालं. मागचं?

"आता ते ४०," बाई म्हणाल्या. कमिटची ती खूण त्यातल्या मजकुरावरून काढलेली असते, आणि मजकुरात नावही येतं. नाव बदललं की ४० अक्षरं नवी. नीट जुळवून पाहिलं तर दोन-तीन योगायोगाने जागच्या जागी सापडतात, पण खूण वेगळी ती वेगळीच. आणि प्रत्येक कमिटमध्ये आधीच्या कमिटची ४० अक्षरं लिहिलेली असतात. म्हणजे एक नाव दुरुस्त केलं की त्यानंतरच्या सगळ्यांची ४०च्या ४० नवी, आणि ज्याच्या ज्याच्याकडे जुनी प्रत आहे त्याचं आणि मुख्य साठ्याचं बिनसलं. इतिहास पुन्हा लिहिण्याची अवजारं आहेत. बाईंनी ती काढून ठेवलीही होती. वरून नको असं आलं.

दुसरी वाट मेलमॅपची. प्रकल्पात त्या नावाची एक साधी फाइल ठेवायची, तिच्यात लिहायचं की हे जुनं नाव-ईमेल दिसलं तर त्याऐवजी हे दाखवा. इतिहासाला हात लागत नाही, यादी मात्र बरोबर दिसते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या एका मुलीसाठी बाईंनी ती वापरली आहे आणि ती उत्तम चालते. इथे चालली नाही. मेलमॅप नाव आणि ईमेल बघून माणूस ओळखतं, आणि पाचही जणांचं नाव एकच, ईमेल एकच. कुणाला कुणाच्या नावाने दाखवणार?

"मग त्या पाच जणांनी काय केलं होतं, हे कुठे आहे?" नंदुरबारच्या मुलीने विचारलं. ती इतका वेळ ऐकत होती हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"एक्सेलमध्ये," बाई म्हणाल्या. "एकेकाला विचारून मी लिहिलं. ४० अक्षरं एका रकान्यात, नाव दुसऱ्या. अप्रेझलच्या वेळी सर ती शीट मागून घेतात." त्यांनी शेजारचा लॅपटॉप पुढे ओढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, '--लिस्ट --शो-ओरिजिन'.