विश्लेषण : घरच्या बिअरवर मायक्रोकंट्रोलरची नजर कशी राहते?

अमेरिकेत घरगुती वापरासाठी बिअर बनवण्यास १९७८च्या कायद्याने केंद्रीय पातळीवर मुभा मिळाली. आता तिथले अनेक हौशी हे काम आर्डुइनोवर सोपवतात.

यंत्रणा काय करते?
भरडलेले जवाचे माल्ट साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअस पाण्यात तासभर ठेवले, की त्यातील विकरे स्टार्चची साखर करतात. तापमान फार वाढल्यास विकरे निकामी होतात. त्यामुळे डीएस१८बी२० सेन्सर तापमान मोजतो, मायक्रोकंट्रोलर ते ठरलेल्या आकड्याशी ताडतो आणि रिलेमार्फत हीटर चालू-बंद करतो.

धोका कुठे?
सेन्सरची तार सुटली, तर आर्डुइनोची प्रचलित लायब्ररी उणे १२७ हा आकडा देते. प्रोग्रॅमने तो खरा मानला, तर पाणी गार समजून हीटर सुरूच राहतो. असा आकडा येताच हीटर बंद करण्याची सूचना प्रोग्रॅममध्ये हवी. रिले चिकटला, तर मात्र प्रोग्रॅमचेही चालत नाही. म्हणून अतितापमानाला वीज तोडणारा स्वतंत्र कटआउट आणि विजेच्या गळतीसाठी आरसीसीबी हवेच.

महाराष्ट्रात हे करता येईल?
नाही. परवान्याविना मद्यनिर्मिती हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार गुन्हा आहे.