रिकाम्या खोऱ्यांचा देश

थर्सो, उत्तर स्कॉटलंड :

इन्व्हर्नेसहून ए-9 रस्त्याने उत्तरेला निघाले की वस्ती भराभर विरळ होत जाते. हायलँड कौन्सिलचा मुलूख सुमारे 25,600 चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या दीडपटीहून मोठा. माणसे जेमतेम 2 लाख 35 हजार. या ओसाड सौंदर्यावर प्रवासी भाळतात आणि हा प्रदेश पहिल्यापासून असाच असणार, अशी समजूत करून घेतात. ती समजूत चुकीची आहे, हे मला आवर्जून सांगायचे आहे. इथली कितीतरी खोरी दोनशे वर्षांपूर्वी नांदती होती. ती रिकामी करण्यात आली.

वाटेत गोल्स्पी गाव लागते. वरच्या डोंगरावर सदरलंडच्या पहिल्या ड्यूकचा प्रचंड पुतळा दूरवरून दिसत राहतो. त्याच्या जहागिरीत गेलिक बोलणारी कुळे ओट आणि बार्ली पिकवीत, गुरे पाळीत. तीच जमीन मेंढपाळीला दिली तर खंड कितीतरी जास्त मिळतो, असे दिसताच कुळांना उठवून किनाऱ्याकडे धाडण्यात आले. तिथे वाट्याला खडकाळ तुकडे आले; पोटासाठी मासेमारी शिका, असे सांगण्यात आले. पुष्कळांनी कॅनडाची वाट धरली. ‘हायलँड क्लिअरन्सेस’ म्हणतात ते हेच. 1814 मध्ये स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात लोक परत येऊ नयेत म्हणून घरे पेटवली गेली. त्याबद्दल जहागिरीचा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर 1816 साली इन्व्हर्नेसमध्ये मनुष्यवधाचा खटला चालला. ज्यूरीत जमीनदारांचा भरणा होता. सेलर निर्दोष सुटला. मोकळ्या झालेल्या त्या जमिनीचा मेंढपाळीचा मक्ता त्याच्याच नावे होता. ड्यूकचा पुतळा उतरवावा, ही मागणी इथे आजही अधूनमधून होते.

स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात रोझल गावाचे अवशेष आहेत. गवतात घरांची जोती आणि धान्य वाळवण्याच्या भट्ट्यांचे दगड ओळखू येतात. माहितीचे फलक आहेत, पण पर्यटकांच्या बस इथे फिरकत नाहीत. त्या जातात ऑर्कनी बेटांकडे.

ऑर्कनीला जावेच. स्क्रॅबस्टरहून दीड तासात बोट स्ट्रॉमनेसला पोहोचते. 1850 च्या वादळाने तिथल्या वाळूखालचे स्कारा ब्रे हे पाच हजार वर्षांपूर्वीचे गाव उघडे पाडले. बेटांवर झाडे कमी आणि दगड असा की त्याच्या सरळ फरशा निघतात. म्हणून पलंग, फडताळे, चूल सारे दगडी, आणि म्हणूनच आजवर टिकलेले. घरे एकमेकांना बुटक्या, झाकलेल्या बोळांनी जोडलेली. जवळच मेशाऊची समाधी आहे. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आगेमागे मावळतीचे ऊन तिच्या अरुंद वाटेने थेट मागच्या भिंतीवर पडते. बाराव्या शतकात नॉर्स लोकांनी आत शिरून त्या भिंतींवर आपल्या रून लिपीत लेख कोरले. ही बेटे तेव्हा नॉर्वेकडे होती. 1468 मध्ये राजकन्येच्या हुंड्यापोटी ती स्कॉटलंडकडे गहाण पडली आणि कधीच सोडवली गेली नाहीत.

स्कारा ब्रेच्या चुलीपाशी उभे राहिले की तिथल्या माणसांविषयी आपुलकी वाटते. पण त्यांची नावे, भाषा, वंशज यांतले काहीच आपल्या हाती नाही. रोझलच्या माणसांचे तसे नाही. त्यांची भाषा ठाऊक आहे, गावाचे नाव ठाऊक आहे, त्यांना कोणी आणि कशासाठी उठवले हेही कागदोपत्री आहे. पाच हजार वर्षांपूर्वीच्या चुलीसाठी वेळ काढणाऱ्याने दोनशे वर्षांपूर्वीच्या चुलीकडे पाठ फिरवू नये.

कारण हा इतिहास अजून संपलेला नाही. 1886 च्या कायद्याने क्रॉफ्टर म्हणवणाऱ्या छोट्या कुळांना जमिनीवरून हुसकावण्यापासून संरक्षण दिले. 1993 मध्ये असिंटच्या क्रॉफ्टरांनी वर्गणी जमवून ते राहत होते ती जहागीरच विकत घेतली. 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने गावांना जमीन विकली जाताना ती घेण्याचा पहिला हक्क मिळाला, आणि कोणालाही माळरानावरून जबाबदारीने चालण्याचा हक्क मिळाला. आज बाहेरचा प्रवासी या डोंगरांत मोकळेपणी हिंडतो, तो त्याच कायद्याच्या आधाराने. म्हणून ऑर्कनीच्या बेतातला एक दिवस स्ट्रॅथनेव्हरला द्यावा आणि बेटीहिलच्या जुन्या चर्चमधले संग्रहालय पाहून मग खोऱ्यात उतरावे. इथल्या देखण्या माळरानांची किंमत कोणी मोजली, हे त्याशिवाय कळत नाही.