घराचा भाव आणि भावाचे पाय : पेडणे व डिचोली

व्यापारी मनुष्य आयुष्यात शेकडो सौदे करतो. परंतु राहत्या घराचा सौदा तो बहुधा एकदाच करतो. आश्चर्य असे की, तूरडाळीची दहा पोती घेताना जो चार पेढ्यांवर भाव विचारतो, वजन पाहतो, मूठभर माल हातावर घेऊन निरखतो, तोच गृहस्थ घर घेताना एका दुपारीत विसार देऊन मोकळा होतो. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटले.

आमच्या व्यापारी बंधूंच्या घरी अलीकडे एकच प्रश्न वारंवार निघतो : घर पेडण्याच्या किनाऱ्याकडे घ्यावे की डिचोलीकडे? तरुण मंडळींची ओढ मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या बाजूस; वडील मंडळी मात्र दुकानाजवळचे डिचोली, साखळी किंवा पेडणे शहर सोडावयास तयार नसतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

हे दोन्ही तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांच्या ताब्यात आले आणि ‘नव्या काबिजादी’त गणले गेले. डिचोली तालुक्यातील कुडणे व नार्वे येथील प्राचीन जैन वास्तूंचे अवशेष पाहिले, म्हणजे या मुलखाशी आपला संबंध कालपरवाचा नव्हे, हेही ध्यानी येते. १९६१ साली गोवा मुक्त झाला, तेव्हा पेडण्याचा किनारा मासेमारी आणि माडबागायतीचा होता. आज त्याच पट्ट्यातील जमिनीचा भाव ऐकून छातीत धडकी भरते. ५ जानेवारी २०२३ रोजी मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून वाहतूक सुरू झाल्यापासून तर किनाऱ्यापासून दूर असलेल्या धारगळसारख्या गावांतही दलालांची वर्दळ वाढली आहे.

प्रथम हिशेब मांडू. समजा, महाग वस्तीतील घरासाठी एक कोटी रुपये कर्ज काढावे लागते आणि साध्या वस्तीतील घरासाठी चाळीस लाख. व्याज साडेआठ टक्के व मुदत वीस वर्षे धरली, तर पहिल्या कर्जाचा हप्ता दरमहा सुमारे ८६,८०० रुपये पडतो आणि दुसऱ्याचा सुमारे ३४,७००. दरमहाचा फरक बावन्न हजारांचा! एक कोटीची परतफेड वीस वर्षांत दोन कोटी आठ लाखांपर्यंत जाते. हे बावन्न हजार कोठून येणार? ते दुकानाच्या गल्ल्यातूनच येणार. सणाच्या तोंडावर माल भरण्यासाठी जी रोकड हाती हवी, तीच हप्त्यात गेली, तर घर मोठे होते आणि पेढी लहान होते. व्यापाऱ्याच्या घराची खरी किंमत दुकानाच्या भांडवलातून वजा होते, हे सूत्र कधीही विसरू नये.

आता दुसरा मुद्दा, आणि आमच्या मते हाच मुख्य. भाव किती आहे एवढेच पाहू नये. तो किती पायांवर उभा आहे, हे पाहावे. याचा धडा डिचोलीनेच आपणांस दिला आहे. एके काळी या तालुक्याचा बाजार लोहखनिजाच्या ट्रकांवर चालत असे. २०१२ साली खाणी बंद पडल्या. पुढे त्या पुन्हा चालू झाल्या; परंतु ७ फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यास उत्खनन पुन्हा थांबले. ट्रक दारात उभे राहिले, भाड्याच्या खोल्या रिकाम्या झाल्या, उधारीच्या वह्या फुगल्या. आमच्यापैकी अनेकांनी तो काळ पेढीवर बसून पाहिला आहे.

किनाऱ्यावरील भावही असाच मुख्यतः एका पायावर, पर्यटनावर, उभा आहे. २०२० साली टाळेबंदी आली, तेव्हा पर्यटकांविना किनारा कसा ओस पडतो, हे सर्वांनी अनुभवले. तेथील घराची किंमत ही राहण्याची किंमत नसून पाहुण्याकडून मिळणाऱ्या भाड्याची किंमत असते. ज्यास भाड्याचा व्यवसायच करावयाचा आहे, त्याने तेथे अवश्य घर घ्यावे. पर्यटन खात्याकडे रीतसर नोंदणी करावी आणि त्या घरास दुसरे दुकान समजून त्याची वेगळी वही ठेवावी. परंतु जे घर स्वतःच्या राहण्यासाठी घ्यावयाचे, त्यासाठी दुसऱ्याच्या भाड्याचा भाव का मोजावा?

राहत्या घराचे पाय निराळे असतात. शाळा, दवाखाना, बाजार, पाणी आणि शेजार हे ते पाय होत. आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम अनेक घरांत पाळला जातो. दुकानापासून घर दहा मिनिटांवर असेल, तर गृहस्थ संध्याकाळी घरी येऊन जेवतो व पुन्हा पेढीवर जातो. तेच घर तासाभराच्या वाटेवर असेल, तर नियम तरी मोडतो किंवा गिऱ्हाईक तरी. डिचोलीत बोर्डे, वाठादेव किंवा साखळी बाजाराजवळ राहणाऱ्यास ही सोय सहज मिळते. तिची किंमत कोणत्याही भावपत्रकात छापलेली नसते.

मात्र स्वस्त म्हणजे चांगले, असेही आमचे म्हणणे नाही. स्वस्त घराला कधी कधी फार महाग कारणे असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अतिवृष्टी आणि तिळारी धरणातून सोडलेले पाणी यांमुळे डिचोलीतील साळ व पेडण्यातील इब्रामपूर या गावांत पूर शिरला. साखळीस वाळवंटी नदीची भीती आहेच. म्हणून घर पाहावयास हिवाळ्यात जावे, पण ठरवावयास आषाढात जावे. उन्हाळ्यात टँकर कोणत्या वाडीस येतो, तेही शेजाऱ्यांस विचारावे.

त्याहून मोठा धोका कागदांचा. मये गावचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. तेथील जमीन निर्वासित मालमत्ता म्हणून सरकारी ताब्यात गेल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांच्याही नावावर घरे नव्हती. त्यासाठी २०१४ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने पेडणे तालुक्यात स्वस्त घर पाहून मोठा विसार दिला. पुढे कळले की, विकणाऱ्याची एक बहीण परदेशी आहे आणि तिची सही नाही. गोव्याच्या कायद्याप्रमाणे वारस मुलीचा हक्क मुलाइतकाच, आणि सामान्यतः पति-पत्नी दोघांच्याही सह्या लागतात. तीन वर्षे झाली. विसार अडकला आहे आणि कुटुंब अद्याप भाड्याच्या घरात आहे.

यास्तव एक-चौदाचा उतारा, बिगरशेतीची सनद, प्रादेशिक आराखड्यातील झोन, सर्व वारसांच्या व त्यांच्या पति-पत्नींच्या सह्या आणि जागेवर मुंडकाराचा हक्क आहे काय, एवढे वकिलाकडून तपासल्यावाचून विसार देऊ नये. भातशेती स्वस्त मिळते म्हणून हुरळू नये. २०२३ च्या कायद्याने ती शेतकऱ्यावाचून इतरांस सहसा घेता येत नाही. किनाऱ्यावर तर भरतीरेषेपासूनचे अंतरही मोजावे. मोरजी व मांद्रे येथील पुळणी कासवांच्या विणीच्या म्हणून संरक्षित आहेत.

तात्पर्य, महाग वस्ती वाईट नव्हे आणि स्वस्त वस्ती हलकी नव्हे. ज्या घराचा हप्ता पेढीस जड होत नाही, ज्याचे कागद स्वच्छ आहेत, ज्याच्या दारात पावसाचे पाणी साचत नाही आणि जेथून संध्याकाळी वेळेवर जेवावयास घरी येता येते, ते घर घ्यावे, मग ते मांद्र्यास असो वा डिचोलीस. तरुण व वडील मंडळींनी एकत्र बसून, हाती वही घेऊन हा हिशेब एकदा मांडावा. ज्या घरात हिशेब एकमताने होतो, त्या घरात पुढील वास्तव्यही सुखाचे होते, असा आमचा अनुभव आहे.